नामावलीबाहेरचे पूर्वज : भूमिकाखेळ, चित्रकथा आणि दूरचित्रवाणी

१

एखाद्या कलाप्रकाराचा इतिहास लिहिताना त्याच्या प्रवर्तकांनी स्वतः सांगितलेली पूर्वपरंपरा प्रमाण मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. प्रस्तावनेतील ऋणनिर्देश, परिशिष्टातील ग्रंथसूची, उतारवयातील मुलाखती यांवरून प्रभावांचा आलेख काढला जातो आणि पुढील अभ्यास त्याच आलेखाच्या चौकटीत होत राहतो. परंतु ऋणनिर्देश हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्यालाही स्वतःचे संकेत आहेत. कोणाचे ऋण उच्चारण्यास योग्य, कोणाचे अनुच्चारित ठेवण्यास योग्य, हे त्या त्या काळची वाङ्मयीन प्रतिष्ठेची व्यवस्था ठरवीत असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या भूमिकाखेळांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

रोलप्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचे स्वरूप प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो; उरलेल्यांपैकी प्रत्येक जण एकेका पात्राची जबाबदारी घेतो. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निर्णय नियम व फासे यांच्या आधारे होतो. येथे वेगळा प्रेक्षक नसतो आणि खेळ संपल्यावर, कागदावरील काही आकडे व नकाशे सोडले तर, कोणतीही संहिता मागे राहत नाही. या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून, टीएसआर या घरगुती स्वरूपाच्या संस्थेने, तीन पुस्तिकांची ही पेटी प्रसिद्ध केली. पहिल्या मुद्रणाच्या प्रती अवघ्या १,००० होत्या.

या खेळाच्या वाङ्मयीन पूर्वपरंपरेचा विचार होतो तेव्हा एका पानाचा आधार हमखास घेतला जातो. ते पान म्हणजे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डंजन मास्टर्स गाइड' या ग्रंथातील 'एन' हे परिशिष्ट. सूत्रधाराला स्फूर्ती देऊ शकतील अशा पंचवीसहून अधिक लेखकांची ही वर्णानुक्रमे लावलेली यादी आहे. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, एच. पी. लव्हक्राफ्ट, टोल्किन ही नावे तीत येतात. गेल्या काही दशकांत या यादीला एखाद्या संप्रदायाच्या प्रमाणग्रंथांच्या सूचीचे स्थान प्राप्त झाले आहे. यादीतील पुस्तके क्रमाने वाचणारे वाचक, तिच्यावर पुस्तके लिहिणारे लेखक, तिच्यावरून 'खऱ्या' परंपरेचा निवाडा करणारे अभिमानी असा एक सबंध व्यवहार तिच्याभोवती उभा राहिला.

मात्र या यादीपूर्वी गायगॅक्स यांनी जो छोटासा प्रास्ताविक मजकूर लिहिला आहे, त्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. त्यात ते प्रथम वडिलांनी लहानपणी सांगितलेल्या उत्स्फूर्त गोष्टींचे ऋण मान्य करतात. त्यानंतर लगेच ते शेकडो कॉमिक्सचे, विशेषतः ईसी या प्रकाशनसंस्थेच्या कॉमिक्सचे, नाव घेतात आणि मग विज्ञानपट व भयपटांचे. पुस्तके येतात ती यानंतर. म्हणजे निवेदनाच्या क्रमात मौखिक कथा, चित्रकथा व चित्रपट हे आधी आहेत; यादीत मात्र त्यांपैकी एकही नाही. प्रास्ताविक व यादी यांच्यामधील ही फट या खेळाच्या इतिहासलेखनातील कळीचा प्रश्न मानावयास हवी.

२

ही फट कशामुळे पडली? गायगॅक्स यांनी काही लपविले असे म्हणण्यास जागा नाही, कारण कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. कारण यादी या आकृतिबंधातच शोधावे लागते. ग्रंथसूची ही लेखकाच्या नावाने लावली जाते. मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात 'लेखक' ही संहितांचे वर्गीकरण करणारी, त्यांना हद्द घालणारी संस्था आहे असे प्रतिपादन केले होते. या संस्थेच्या कक्षेत कॉमिक बसत नाही. कॉमिकला लेखक असतो, रेखाटनकार असतो, शाई भरणारा, अक्षरे लिहिणारा, रंगविणारा आणि संपादक असतो. दूरचित्रवाणी मालिकेची निर्मिती तर त्याहूनही सामूहिक. 'शेकडो कॉमिक्स' असा अनेकवचनी, निनावी उल्लेख करता येतो; वर्णानुक्रमात त्यांना स्थान देता येत नाही. यातील विसंगती अशी की, भूमिकाखेळ स्वतःही सामूहिक निर्मितीच आहे. ज्या कलाप्रकारांशी त्याचे निर्मितिप्रक्रियेच्या पातळीवर निकटचे नाते, तेच त्याच्या वंशावळीतून गळाले आणि ज्या एकहाती लेखनाशी त्याचे साम्य सर्वांत कमी, त्याच्याकडे सारे पितृत्व गेले.

दुसरे कारण सामाजिक प्रतिष्ठेचे. गायगॅक्स यांचा जन्म १९३८ चा. ईसीच्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारख्या भयकथांच्या ऐन भरात ते कुमारवयीन वाचक होते. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचा 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सेनेटच्या उपसमितीपुढे ईसीचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. आणि वर्ष संपण्यापूर्वी प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. रक्तपिपासू पिशाच्चे, चालती प्रेते, नरवृक यांना या संहितेने कॉमिक्समधून हद्दपार केले. ईसीच्या भयकथा त्यानंतर टिकल्या नाहीत. म्हणजे ज्या वाङ्मयाचे ऋण १९७९ मध्ये मान्य केले जात होते, ते पंचवीस वर्षांपूर्वी सार्वजनिकरीत्या धिक्कारले गेलेले आणि नष्टप्राय झालेले वाङ्मय होते.

या भयकथांचा निवेदनविशेष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक कथेच्या आरंभी व अंती एक विकट हास्य करणारा यजमान वाचकाशी थेट बोलतो, त्याला कथेत ओढतो, त्याच्या भीतीची थट्टा करतो. चित्रचौकटींतील मजकूरही अनेकदा द्वितीय पुरुषात असतो. 'तू दार उघडतोस, आत अंधार आहे' ही वाक्यरचना कादंबरीत अपवादात्मक. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराची मात्र ती मूळ भाषा. यावरून सरळ कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही हे खरे. तथापि सूत्रधार या भूमिकेचे निवेदनशास्त्रीय पूर्वरूप शोधावयाचे झाल्यास ते हॉवर्ड किंवा टोल्किन यांच्या त्रयस्थ निवेदकापेक्षा या यजमानात अधिक सापडते.

कॉमिक्सचा वाटा दृश्य पातळीवर तर निर्विवाद आहे. १९७४ च्या मूळ पुस्तिकांतील काही चित्रे मार्व्हलच्या 'स्ट्रेंज टेल्स' या मासिकाच्या १९६८ मधील १६७ व्या अंकातील चौकटींवरून जवळजवळ जशीच्या तशी उतरविलेली आहेत. मुखपृष्ठावरील, उधळलेल्या घोड्यावर स्वार असलेला योद्धाही त्याच अंकातील डॉक्टर स्ट्रेंजच्या कथेतून आलेला. हा खेळ विकत घेणाऱ्याला काल्पनिक जगाची पहिली प्रतिमा मिळाली ती अशा रीतीने कॉमिक्समधून, आणि तीही मूळ चित्रकाराच्या नावाविना.

३

दूरचित्रवाणीचा प्रभाव याहून अप्रत्यक्ष, आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित. १९५७ मध्ये युनिव्हर्सल या चित्रसंस्थेच्या जुन्या भयपटांचा एक संच स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना विकला गेला आणि ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन ही पात्रे दिवाणखान्यात आली. १९४७ मध्ये जन्मलेले आर्नेसन याच पिढीचे. मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात १९७०-७१ च्या सुमारास त्यांनी 'ब्लॅकमूर' ही कल्पित भूमी रचली. तिच्या जन्माविषयी त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी : शनिवार-रविवारी दूरचित्रवाणीवर ओळीने राक्षसपट पाहणे, जोडीला कोनॅनच्या कथा वाचणे, आणि त्यातून किल्ल्याखालच्या भुयारांची कल्पना सुचणे. येथे पुस्तक व पडदा यांत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव नाही. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच आस्वादवृत्तीने ग्रहण केले गेले आहेत.

या ग्रहणातून नियम कसा जन्मतो याचे ठळक उदाहरण 'क्लेरिक' या पात्रवर्गाचे. ब्लॅकमूरच्या खेळात एका खेळाडूचे पात्र पिशाच्चयोनीत गेले आणि आवरेनासे झाले. त्याला उतारा म्हणून क्रूस उगारून पिशाच्चे पळविणारा धर्मोपदेशक निर्माण करण्यात आला. त्याचा आदर्श पडद्यावरील व्हॅन हेल्सिंग हा होता. मध्ययुगीन चर्चचा इतिहास नव्हे. आज पन्नास वर्षांनंतरही हा पात्रवर्ग खेळाच्या पायाभूत रचनेत आहे.

त्याहून गमतीचे उदाहरण 'बुलेट' या जमिनीखालून येणाऱ्या श्वापदाचे. हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून त्याचा आकार घेतला गेला. १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' या मासिकाच्या पहिल्या अंकात टिम कास्क यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला 'भूशार्क' हे टोपणनाव मिळाले होते. हे नाव 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील १९७५ च्या एका प्रहसनावरून आलेले आणि ते प्रहसन 'जॉज' या त्याच वर्षीच्या चित्रपटाचे विडंबन. एका काल्पनिक प्राण्याच्या पोटी खेळणे, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील विनोद असे तीन थर आहेत; ग्रंथ एकही नाही.

मात्र कालसान्निध्य म्हणजे प्रभाव असे समीकरण मांडणे धोक्याचे. १९७५ च्या 'ब्लॅकमूर' पुरवणीत निःशस्त्र युद्धात प्रवीण असा 'मंक' आला. 'कुंग फू' ही लोकप्रिय मालिका १९७२ ते १९७५ या काळातीलच असल्यामुळे तिच्याकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. परंतु या पात्राची प्रेरणा 'द डिस्ट्रॉयर' या स्वस्त कादंबरीमालेतून आली असे गायगॅक्स यांनी नमूद केलेले आहे. प्रभावाचा इतिहास दूरचित्रवाणीच्या बाजूने झुकविणे हेही ग्रंथांच्या बाजूने झुकविण्याइतकेच एकांगी ठरेल. जॉन पीटरसन यांच्या 'प्लेइंग ॲट द वर्ल्ड' (२०१२) या ग्रंथाने हौशी नियतकालिके व पत्रव्यवहार यांच्या आधारे जी चिकित्सक पद्धत रूढ केली, तिचे महत्त्व येथे जाणवते.

४

येथवरचा विचार उसनवारीचा झाला : चित्र, प्राणी, पात्र. परंतु प्रभावाची अधिक खोल पातळी नियमांत आहे, आणि साहित्यमीमांसेला खरे स्वारस्य वाटावे असा भाग हाच. भूमिकाखेळाचा नियम 'या प्रकारच्या कथेत काय संभवते' याचे उत्तर देतो. म्हणून एखाद्या कथाप्रकारावर खेळ रचणाऱ्याला त्या प्रकाराची मीमांसा करावीच लागते. नियमपुस्तिका ही अशा अर्थाने उपयोजित समीक्षा असते.

महानायकांच्या कॉमिक्सवर बेतलेले खेळ याची साक्ष देतात. १९७७ मधील 'सुपरहीरो २०४४' व १९७९ मधील 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज' यांच्यानंतर १९८१ मध्ये 'चँपियन्स' आला. त्यात खेळाडू ठरावीक गुण खर्च करून आपल्या नायकाच्या शक्ती विकत घेतो; पण अधिक गुण हवे असल्यास नायकाला उणिवा स्वीकाराव्या लागतात. गुप्त ओळख, मागावर असलेला शत्रू, संरक्षणाची गरज असलेला आप्त, स्वतःवर घातलेले नैतिक निर्बंध या त्या उणिवा. महानायकाच्या कथेत दुबळेपणा हा बळाइतकाच आवश्यक असतो, स्पायडरमॅनला त्याची वृद्ध काकू त्याच्या जाळ्याइतकीच लागते, हे निरीक्षण येथे प्रबंधाच्या नव्हे, हिशेबाच्या भाषेत मांडले गेले.

१९८४ मध्ये टीएसआरने जेफ ग्रब यांनी रचलेला 'मार्व्हल सुपर हीरोज' प्रसिद्ध केला. त्यात पात्रांच्या क्षमता विशेषणांनी मोजल्या जातात : दुबळा, सामान्य, उत्तम, विलक्षण, अविश्वसनीय, अद्भुत. मार्व्हलच्या मुखपृष्ठांवरील अतिशयोक्त विशेषणांची भाषाच येथे मापनाची श्रेणी झाली. त्याहून महत्त्वाचा 'कर्म' हा नियम. सत्कृत्याने कर्मगुण मिळतात, ते खर्चून फाशाचे दान बदलता येते; पण नायकाने कोणाचा जीव घेतला तर साठलेले सर्व कर्म नष्ट होते. भारतीय वाचकाला हा शब्दप्रयोग खटकण्याचा संभव आहे. भारतीय दर्शनांतील कर्म भोगावे लागते, ते नाण्यासारखे खर्ची घालता येत नाही. या खेळातील कर्माचे साम्य आहे ते संचित पुण्याशी, जे भोगाने क्षीण होते. परंतु शब्दाचा अर्थ उथळ झाला तरी नियमाचा हेतू मार्मिक आहे. चित्रकथेतील नायक खलनायकाला ठार का करीत नाही, या प्रश्नाला कॉमिक्सची आचारसंहिता, मालिकेची आर्थिक गरज आणि नैतिक आदर्श अशी तिहेरी उत्तरे आहेत. नियमाने ती तिन्ही एका आकड्यात गोठविली. पुढच्याच वर्षीच्या 'डीसी हीरोज'ने वेगळा प्रश्न सोडविला. सुपरमॅन व रॉबिन एकाच चौकटीत कसे नांदतात? उत्तर म्हणून प्रत्येक पुढचा गुण आधीच्या दुप्पट मानणारे मापन स्वीकारले गेले.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत नियमांची ही पातळी गाठण्यास अधिक काळ लागला. १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झालेल्या 'स्टार ट्रेक'वर १९७८ मध्ये व नंतर फासा या संस्थेकडून १९८२ मध्ये खेळ आले. १९८५ मध्ये 'डॉक्टर हू'वरही आला. परंतु या खेळांनी मालिकेतून घेतले ते तिचे जग : याने, हुद्दे, परग्रहवासी. मालिकेची रचना त्यांनी घेतली नाही. ती रचना नियमबद्ध केली मॅट विल्सन यांच्या 'प्राइमटाइम ॲडव्हेंचर्स' (२००४) या खेळाने. यात कोणतेही ठरीव जग नाही. खेळाडू मिळून एक कल्पित मालिका योजतात. सूत्रधाराला 'निर्माता' म्हटले जाते. कोणत्या भागात कोणाच्या पात्राला किती महत्त्व, हे प्रत्येक पात्रापुढे भागवार आकडे मांडून आधीच ठरते. आणि एखाद्याचा प्रसंग आवडला तर इतर खेळाडू त्याला 'चाहत्यांचे पत्र' देतात. मालिकेत महत्त्व हे पात्राच्या सामर्थ्यावर अवलंबून नसून भागांच्या विभागणीवर अवलंबून असते, हा निष्कर्ष या नियमांत अनुस्यूत आहे. २०१० च्या 'स्मॉलव्हिल'वरील खेळाने तर बळ, चपळाई हे गुण बाजूला सारून मूल्ये व नातेसंबंध यांनाच फासे दिले. उडू शकणारा आणि न उडू शकणारा यांचा सामना बरोबरीचा होतो, कारण दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक नाट्यात उडण्याने काहीच ठरत नाही.

५

एवढे ऋण असूनही ग्रंथांची नामावलीच प्रमाण का राहिली, याचे आणखी एक उत्तर १९८० च्या दशकातील लोकापवादात आहे. १९८२ मध्ये सीबीएस वाहिनीवरून 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' हा चित्रपट दाखविला गेला. रोना जॅफी यांच्या १९८१ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात टॉम हँक्स यांनी खेळ व वास्तव यांतील भेद हरवून बसलेल्या तरुणाची भूमिका केली. १९८५ मध्ये '६० मिनिट्स' या वृत्तकार्यक्रमाने खेळाचा संबंध तरुणांच्या आत्महत्यांशी जोडणाऱ्या आरोपांना व्यासपीठ दिले. ज्या दूरचित्रवाणीने खेळाला पिशाच्चे दिली, तिनेच आता खेळाला पिशाच्च ठरविले.

१९५४ शी असलेले साम्य विलक्षण आहे. आरोप तोच : कोवळे मन कल्पित व वास्तव यांत फरक करू शकत नाही. प्रतिसादही तोच : स्वयंशासित सोवळेपणा. १९८९ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीतून सैतान व दैत्य यांची रूढ नावे वगळण्यात आली आणि लवकरच त्यांच्या जागी निरर्थक, बनावट नावे आली. कॉमिक्सच्या आचारसंहितेने जे केले त्याची ही पुनरावृत्ती होती. अशा वातावरणात ग्रंथांची यादी ही प्रतिष्ठेची ढाल होऊ शकते. खेळामुळे मुले वाचू लागतात, हा बचावाचा मुद्दा. खेळामुळे मुले कॉमिक्स वाचू लागतात, हा नव्हे. १९७९ ची यादी या हेतूने केली गेली नव्हती. पण तिचा पुढील उपयोग मात्र या गरजेने घडविला असे मानण्यास आधार आहे. टॉम मोल्डवे यांच्या १९८१ च्या आवृत्तीतील स्फूर्तिस्थानांची सूचीही ग्रंथांचीच, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतीलही.

दरम्यान प्रवाह उलटही वाहू लागला होता. १९८३ ते १९८५ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वरील चलच्चित्र मालिकेचे २७ भाग सीबीएसवर झाले. तिच्यात सूत्रधार हाच एक पात्र होऊन आला. जपानमध्ये १९८६ पासून 'कॉम्पटिक' मासिकात एका खेळाचा वृत्तांत संवादरूपाने छापला गेला, त्यातून र्‍यो मिझुनो यांची 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही कादंबरीमाला झाली आणि १९९० मध्ये चलच्चित्रमालिका. २०१६ च्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतील मुले आपल्यावर कोसळलेल्या अरिष्टाला नाव देतात ते खेळाच्या पुस्तकातून. २०२२ मध्ये आलेली 'द लेजंड ऑफ व्हॉक्स मकिना' ही चलच्चित्रमालिका तर प्रत्यक्ष खेळलेल्या खेळाचेच रूपांतर आहे. आज टेबलाशी बसणाऱ्या नवख्या खेळाडूच्या मनातील राक्षस दूरचित्रवाणीतून आलेला असतो; तो तेथे खेळातून गेलेला असतो; आणि खेळात तो एखाद्या जुन्या पडद्यावरून उतरलेला असतो. उगम कोणता, प्रभाव कोणता, ही भाषाच येथे अपुरी पडते.

म्हणून प्रश्न यादीत आणखी काही नावे घालण्याचा नाही. कॉमिक्सची व मालिकांची पुरवणी जोडल्याने इतिहास पूर्ण होणार नाही, कारण यादी हा आकृतिबंधच एका कर्त्याकडून दुसऱ्या कर्त्याकडे जाणाऱ्या वारशाची कल्पना गृहीत धरतो. भूमिकाखेळाने आपल्या पूर्वजांचे वाचन नोंदविले ते नियमांत : पिशाच्चाला पळविणाऱ्या क्रूसात, हत्येने शून्य होणाऱ्या कर्मात, भागवार मांडलेल्या आकड्यांत. या नोंदींना लेखकाचे नाव नाही आणि त्यांतून जन्मलेल्या कथा तर टेबलावरून उठताच विरून जातात. ज्या समीक्षेला संहिता व कर्ता यांच्याखेरीज दुसरे साधन नाही, तिला या व्यवहारात ऐवज दिसणार नाही. दिसेल ती फक्त पुस्तकांची यादी. गायगॅक्स यांच्या प्रास्ताविकात कॉमिक्सच्याही आधी येणारे वडील, रोज नवी गोष्ट रचून ती न लिहिताच सोडून देणारे, या नामावलीत कोठेच नाहीत. खेळाचा सर्वांत जवळचा पूर्वज बहुधा तेच आहेत.